जठराच्या कॅन्सरमधला विषाणू: ईबीव्ही कुठे शोधायचा आणि कशासाठी

रक्ततपासणीच्या रिपोर्टवर ‘ईबीव्ही व्हीसीए आयजीजी: पॉझिटिव्ह’ ही ओळ ठळक अक्षरात छापून येते. ईबीव्ही म्हणजे एपस्टाइन-बार विषाणू, आणि त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी रक्तात आहे, असा या ओळीचा अर्थ. घरातलं कुणीतरी नेटवर शोधतं आणि ‘ईबीव्ही’ला लागूनच ‘कॅन्सर’ हा शब्द दिसतो. त्यातून पोटाची तक्रार आधीपासून असेल तर मग विचारायलाच नको. पण जगातल्या प्रौढांची सरसकट तपासणी केली, तर शंभरातल्या नव्वदहून जास्त लोकांच्या रिपोर्टवर हीच ओळ येईल. या विषाणूशी आपली गाठ कधीतरी पडून गेली, बहुधा लहानपणीच, एवढंच ती सांगते. जठरात काय चाललंय, याचा तिला पत्ता नसतो.

तरीही ईबीव्ही आणि जठराचा कॅन्सर यांचं नातं खरं आहे. जठराच्या दर शंभर कॅन्सरपैकी आठ-नऊ गाठींमध्ये हा विषाणू सापडतो. गाठीच्या जवळपास प्रत्येक पेशीत तो असतो. जगात दरवर्षी जठराच्या कॅन्सरचे साडेनऊ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळतात. हिशोब केला तर त्यांतले पाऊण लाखाच्या वर या प्रकारात मोडतात. उपचार ठरवताना या माहितीचा उपयोग होतो. फक्त ती रक्तातून मिळत नाही, गाठीच्या तुकड्यातून मिळते.

एक गोंधळ आधीच दूर करू. जठराच्या कॅन्सरचं सर्वांत मोठं संसर्गजन्य कारण ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हे आहे आणि तो विषाणू नव्हे, जीवाणू आहे. तो अँटिबायोटिकने मरतो. ईबीव्ही हा विषाणू. त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. दोघांची नावं एकाच परिच्छेदात आली की ‘पोटातला विषाणू’ म्हणून दोन्ही एकत्र होतात आणि चुकीची तपासणी करून घेतली जाते. पायलोरीकडे पुढे येऊच.

धुक्यात अडकलेली बाटली

डेनिस बर्किट हे युगांडात काम करणारे ब्रिटिश सर्जन. तिथल्या मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या एका गाठीवर त्यांनी 1961 मध्ये लंडनला व्याख्यान दिलं. श्रोत्यांमध्ये अँथनी एपस्टाइन होते. या गाठीमागे विषाणू असावा, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग कंपालाहून विमानाने गाठींचे नमुने येऊ लागले. दोन-अडीच वर्षं काहीच हाती लागलं नाही. 1963 च्या डिसेंबरात लंडनवर धुकं असल्यामुळे एक विमान मँचेस्टरला वळवावं लागलं आणि नमुना उशिरा पोचला. बाटलीतलं पाणी गढूळ झालेलं होतं. जंतू वाढून नमुना नासला, असाच कुणाचाही समज झाला असता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तो गढूळपणा गाठीतून सुटून तरंगणाऱ्या जिवंत पेशींचा होता. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवता आल्या, आणि 1964 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांच्यात नागीण-कांजिण्यांच्या कुळातला नवा विषाणू दाखवला. एपस्टाइन आणि पेशी वाढवणाऱ्या इव्होन बार यांची नावं विषाणूला मिळाली. त्या शोधनिबंधावर आणखी एक नाव होतं, बर्ट अचाँग यांचं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं काम त्यांचं, पण विषाणूच्या नावात त्यांना जागा मिळाली नाही.

माणसात कॅन्सरशी जोडला गेलेला हा पहिला विषाणू. जठराशी त्याचा संबंध लक्षात यायला मात्र 1990 साल उजाडावं लागलं. लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींनी खच्चून भरलेल्या एका विरळा जठराच्या गाठीत तो आधी सापडला. 1992 मध्ये नेहमीच्या, साध्या दिसणाऱ्या जठराच्या कॅन्सरमध्येही तो असल्याचं दिसून आलं.

सापडला म्हणजे त्यानेच केलं, असं होत नाही. चोरीच्या जागी उभा असलेला प्रत्येक जण चोर नसतो. ईबीव्ही तर जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात असतो, म्हणून ही शंका इथे जास्तच रास्त होती. तिचं उत्तर विषाणूच्या डीएनएच्या टोकांनी दिलं. ईबीव्हीच्या डीएनएच्या दोन्ही टोकांना एकच छोटा तुकडा अनेकदा गिरवलेला असतो. विषाणू पेशीत शिरला की ही टोकं जुळून डीएनएचं कडं बनतं, आणि जोडात तो तुकडा किती वेळा उरतो हे प्रत्येक संसर्गात वेगळं असतं. गाठ आधी वाढून विषाणू मागाहून शिरला असता, तर एकाच गाठीत वेगवेगळ्या लांबीची कडी मिळाली असती. प्रत्यक्षात सगळ्या गाठीत एकाच लांबीचं कडं मिळतं. म्हणजे एका पेशीत विषाणू शिरला आणि त्या एकीच्या वंशातून अख्खी गाठ झाली. विषाणू तिथे सुरुवातीपासून होता.

आत शिरून तो करतो काय

ईबीव्हीचं मूळ घर म्हणजे बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी. लाळेतून तो पसरतो. आपल्याकडे बहुतेकांना लहान वयातच, काही कळण्याआधी तो होऊन जातो. एकदा आला की कायमचा. स्मृती जपणाऱ्या बी-पेशींमध्ये तो गुपचूप पडून राहतो.

जठराच्या अस्तरातल्या पेशींमध्ये तो सहज शिरत नाही. विषाणू घेऊन फिरणारी बी-पेशी अस्तराच्या पेशीला अगदी चिकटून बसली की शिरणं सोपं होतं. जठराला वर्षानुवर्षं सूज असेल तर तिथे बी-पेशींची गर्दी होते आणि असे शेजार वाढतात. पायलोरीची जुनी सूज ईबीव्हीला वाट करून देत असावी, या विचाराचा आधार हाच.

शिरल्यावर तो फार थोडी प्रथिनं बनवतो. दिसेल असं प्रथिन बनवलं की प्रतिकारशक्तीच्या नजरेत येण्याचा धोका असतो. त्याऐवजी तो प्रथिन न बनवणारे छोटे आरएनए सोडतो. त्यांतले काही खराब झालेल्या पेशीला स्वतःहून मरायला लावणारी यंत्रणा दाबून टाकतात. एलएमपी-2ए नावाचं एक प्रथिन साधारण निम्म्या गाठींमध्ये मिळतं. ते आपल्याच पेशीतल्या एका एन्झाइमला जोर देतं. या एन्झाइमचं काम डीएनएवर मिथाइलचे ठिपके चिकटवणं.

हे मिथाइलचं प्रकरण या कॅन्सरच्या मुळाशी आहे. पेशीचा डीएनए म्हणजे पाककृतींची वही समजा. वहीत खाडाखोड झाली तर ते म्यूटेशन. मिथाइल चिकटणं म्हणजे अक्षर न् अक्षर शाबूत, पण पानं एकमेकांना डकवलेली. वाचताच येत नाहीत. पेशीची अनावर वाढ रोखणारं पी-16 नावाचं पान असंच बंद होतं. 2014 मध्ये 295 गाठींचा तपशीलवार अभ्यास करून जठराच्या कॅन्सरचे चार आण्विक गट पाडण्यात आले. ईबीव्हीचा गट 9 टक्के भरला आणि इतकी पानं डकवलेली गाठ त्या अभ्यासातल्या दुसऱ्या कुठल्याच गटात नव्हती.

त्याच अभ्यासातली आणखी तीन निरीक्षणं उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाची. एक, या गटातल्या सुमारे 80 टक्के गाठींत पीआयके-3-सीए या जीनमध्ये बदल होता. दोन, इतर कॅन्सरमध्ये पावलोपावली भेटणारा पी-53 या गाठ रोखणाऱ्या जीनचा बिघाड इथे क्वचितच होता. आणि तीन, पीडी-एल-1 व पीडी-एल-2 ही प्रथिनं बनवणाऱ्या जीनच्या जादा प्रती काही गाठींत होत्या. टी-पेशी (याही लिम्फोसाइटच) गस्तीवर आल्या की गाठीची पेशी हे प्रथिन पुढे करते, जणू ‘घरचाच आहे’ असं ओळखपत्र, आणि टी-पेशी हात आखडता घेतात. त्यामुळे या गाठी टी-पेशींनी गच्च भरलेल्या असतात, पण त्या पेशी नुसत्या उभ्या असतात.

कुणाच्या गाठीत शोधायचा

हा प्रकार पुरुषांमध्ये बायकांच्या साधारण दुप्पट दिसतो. गाठ जठराच्या वरच्या आणि मधल्या भागात असते. खालच्या तोंडाशी, जिथे पायलोरीचा कॅन्सर जास्त होतो, तिथे हा कमी. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीत लिम्फोसाइट पेशींची दाटी दिसली तर संशय घ्यावाच. अशा ‘लिम्फोएपिथेलिओमासारख्या’ गाठींपैकी 80 टक्क्यांहून अधिक ईबीव्ही पॉझिटिव्ह निघतात. या दाटीत खरी कॅन्सरची पेशी लपते, लहान तुकड्यावर लिम्फोमाचा (लिम्फोसाइट पेशींच्याच कॅन्सरचा) भास होतो, आणि लिम्फोमाचे उपचार तर अगदी वेगळे. म्हणून सायटोकेराटिनची रंगचाचणी जोडीला लावतात. अस्तराच्या पेशी तीत उठून दिसतात.

जठराचा काही भाग पूर्वी काढलेला असेल तर उरलेल्या थोट्या जठरात पुढे होणाऱ्या कॅन्सरमध्येही ईबीव्ही बराच सापडतो, चौथ्या हिश्श्याच्या आसपास किंवा जास्त. आम्ल कमी करणाऱ्या परिणामकारक गोळ्या आल्या त्या सत्तरीच्या दशकाच्या शेवटी. त्याआधी, आणि नंतरही काही वर्षं, अल्सरवर जठर कापून आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया सर्रास होत असे. त्या पिढीतली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आजोबांच्या पोटावर बेंबीच्या वर उभा व्रण असेल आणि ‘तरुणपणी अल्सरचं ऑपरेशन झालं होतं’ एवढंच घरात माहीत असेल, तर एन्डोस्कोपीआधी डॉक्टरांना ते सांगा. जोडाच्या कडेचे तुकडे मुद्दाम घ्यावे लागतात.

ईबर चाचणी, आणि ती कुठे फसते

गाठीतला ईबीव्ही ओळखण्याची खात्रीची पद्धत म्हणजे ईबर इन सिटू हायब्रिडायझेशन, थोडक्यात ‘ईबर-इश’. ईबर हे विषाणूचे दोन छोटे आरएनए. एका पेशीत त्यांच्या दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत प्रती असतात, म्हणून ते पकडायला सोपे.

तुकडा आधी 10 टक्के फॉर्मलिनमध्ये टाकतात, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. लॅबमध्ये त्याला नुसतं ‘ब्लॉक’ म्हणतात. त्यातून 3 ते 4 मायक्रॉन जाडीची चकती काचेवर घेतात, मेण काढतात, एन्झाइमने ऊती थोडी सैल करतात आणि ईबरला नेमका चिकटणारा प्रोब सोडतात. न चिकटलेला प्रोब धुऊन टाकला की रंग चढवतात. विषाणू असेल तर पेशीचं केंद्रक गडद होतं.

चुका इथे होतात त्या बहुतेक आरएनएच्या नाजूकपणामुळे. तुकडा फॉर्मलिनमध्ये उशिरा पडला, तिथे कमी वेळ राहिला किंवा आठवडाभर तसाच विसरला गेला, तर आरएनए तुटतो आणि विषाणू असूनही काच कोरी दिसते. उघड्या बोटांवरचं एन्झाइमसुद्धा आरएनए खातं, हातमोजे त्यासाठीच. म्हणून शेजारच्या काचेवर माणसाच्याच पेशीतल्या एखाद्या आरएनएचा, बहुधा यू-6 चा, प्रोब लावतात. तोही रंगला नाही तर ‘निगेटिव्ह’ न म्हणता ‘तुकडा चाचणीलायक नाही’ असं लिहायला हवं. रिपोर्टमध्ये अंतर्गत कंट्रोलचा उल्लेख नसेल तर तेवढा प्रश्न अवश्य विचारावा.

उलट बाजूचीही चूक होते. विषाणू बाळगणाऱ्या सुट्या बी-पेशी कुणाच्याही जठरात असू शकतात. काचेवर इकडेतिकडे दोन-चार छोटे गोल ठिपके गडद दिसले तर ती लिम्फोसाइट मंडळी. गाठ पॉझिटिव्ह नव्हे. खऱ्या पॉझिटिव्ह गाठीत कॅन्सरच्या जवळपास सगळ्या पेशी रंगतात. तुकडा दळून पीसीआर (विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) केला तर हा फरकच कळत नाही, कारण पीसीआर विषाणू आहे एवढंच सांगतो, कुठल्या पेशीत आहे ते सांगत नाही. पीसीआरवर भरवसा ठेवून काढलेली टक्केवारी जास्त भरते, ती याच कारणाने. एलएमपी-1 या प्रथिनाची रंगचाचणी इतर ईबीव्ही-आजारांत चालते, जठरात बहुतेकदा चालत नाही. ते प्रथिन इथे सहसा बनतच नाही.

कुटुंबासाठी एक व्यवहाराची गोष्ट. ही चाचणी करायला पुन्हा एन्डोस्कोपी लागत नाही. पहिल्या बायोप्सीचा ब्लॉक पुरतो, तो काही महिन्यांपूर्वीचा असला तरी. दुसऱ्या रुग्णालयात जाताना रिपोर्टच्या कागदाबरोबर ब्लॉक आणि काचा मागून घ्या. मेण साधारण 56 ते 60 अंशांना वितळतं, तेव्हा मे महिन्यात पाकीट उन्हातल्या गाडीत ठेवू नका.

निकाल पॉझिटिव्ह आला तर

गाठ जठरापुरती असेल तर मूळ आराखडा बदलत नाही: शस्त्रक्रिया, तिच्या आधी-नंतर केमोथेरपी. ईबीव्ही असलेल्या गाठी लसिकाग्रंथींमध्ये तुलनेने कमी पसरतात आणि सरासरीने या रुग्णांची वाटचाल थोडी बरी असते. सरासरीने, एकेका माणसाला ती लागू पडेलच असं नाही. टप्पा कोणता, हेच जास्त ठरवतं.

आजार पसरलेला असेल तर मात्र या माहितीचं वजन वाढतं. 2018 मध्ये कोरियातल्या 61 रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब दिलं गेलं. हे औषध टी-पेशींपुढे धरलेलं ते ओळखपत्र निकामी करतं. एकूण सुमारे चौथ्या हिश्श्याच्या गाठी आक्रसल्या; ईबीव्ही असलेले सहा रुग्ण होते, सहाच्या सहा जणांच्या आक्रसल्या. सहा ही फार लहान संख्या आहे, आणि नंतरच्या अभ्यासांत इतकं भरघोस यश दिसलं नाही. तरीही इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या अशा औषधांचा, विचार करताना ईबीव्हीचा निकाल हाताशी असणं उपयोगाचं, कारण औषध महाग आहे आणि सगळ्यांना लागू पडत नाही. पसरलेल्या आजारात हर-2, एमएमआर, पीडी-एल-1 आणि क्लॉडिन-18.2 या चाचण्यांबरोबर त्याच ब्लॉकवर ईबरही मागता येते. एमएमआरचा (पेशीच्या डीएनए-दुरुस्तीच्या यंत्रणेचा) बिघाड आणि ईबीव्ही एकाच गाठीत सहसा भेटत नाहीत, म्हणून एक निगेटिव्ह आली की दुसरी सोडून देऊ नये.

‘विषाणू आहे ना, मग विषाणूचं औषध द्या’ हा प्रश्न साहजिक आहे. नागिणीवरचं असायक्लोव्हिर इथे कुचकामी ठरतं. विषाणू स्वतःच्या प्रती काढत असतो तेव्हा त्याच्याच एका एन्झाइममुळे हे औषध जागं होतं. गाठीतला ईबीव्ही झोपलेला असतो. पेशी विभागली की तिच्याबरोबर आयता वाटला जातो. ते एन्झाइम बनतच नाही, तर औषध जागं होणार कशाने?

रुग्णाचं ताट-वाटी वेगळं ठेवायचं का, हेही विचारलं जातं. नाही. घरातल्या बाकीच्यांच्या अंगात हा विषाणू बहुधा आधीपासूनच आहे. उष्टं खाल्ल्याने कॅन्सर लागत नाही.

पायलोरी, मीठ आणि अॅसिडिटीची गोळी

ईबीव्ही टाळता येत नाही, पण बाकीच्या गोष्टी हातात आहेत. पायलोरीसाठी श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातली अँटिजेन चाचणी करावी. रक्तातली अँटिबॉडी संसर्ग आत्ताचा की जुना ते सांगत नाही. चाचणीच्या दोन आठवडे आधी पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोलसारख्या गोळ्या आणि चार आठवडे आधी अँटिबायोटिक बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असूनही चाचणी निगेटिव्ह येते. या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच थांबवाव्यात. उपचार बहुधा 14 दिवसांचा असतो आणि तो अर्ध्यावर सोडला की जंतू औषधाला सरावतो. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करायची. नेमकी हीच पायरी सर्वाधिक गाळली जाते.

फार खारवलेले पदार्थ आणि तंबाखू यांचा जठराच्या कॅन्सरशी संबंध पक्का आहे. भारतात हा कॅन्सर सगळ्यांत जास्त मिझोरममध्ये, विशेषतः ऐझॉल जिल्ह्यात आढळतो. तिथे धूर दिलेलं मांस, आंबवलेली डुकराची चरबी आणि तंबाखूचा धूर पाण्यातून काढून बनवलेलं ‘तुइबुर’ वापरात आहे. महाराष्ट्रात प्रमाण बरंच कमी, आणि कमी प्रमाणाचा एक तोटा असा की निदान उशिरा होतं. रोज सकाळी स्वतःच्या मनाने घेतलेली अॅसिडिटीची गोळी त्यात भर घालते. ती कॅन्सरच्या व्रणालासुद्धा वरवर भरून आणू शकते आणि दुखणं थांबतं. वजन घटणं, चार घासांतच पोट भरणं, गिळताना अडकणं, वारंवार उलटी, हिमोग्लोबिन उतरणं, डांबरासारखी काळी शौच, यांपैकी काहीही असेल तर गोळी न बदलता एन्डोस्कोपी करावी. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. त्या चालू असतील तर सांगा. जठरात व्रण दिसला तर त्याच्या कडेचे सहा-आठ तुकडे घेतात, आणि सहा ते आठ आठवड्यांनी तो भरला का हे पुन्हा पाहतात.

ईबीव्हीवर मान्यताप्राप्त लस अजून नाही. चाचण्या माणसांवर सुरू झाल्या आहेत, पण सुरुवातीच्या टप्प्यात. पश्चिमेकडे अनेकांना हा संसर्ग किशोरवयात होतो, म्हणून लस शाळेत दिली तरी चालेल. आपल्याकडे पहिलीत जाण्याआधीच बहुतेक मुलांना तो होऊन गेलेला असतो, म्हणजे लस द्यायची तर पाळण्यातल्या वयात. आणि त्या मुलांच्या जठरावर तिचा काही उपयोग झाला का, हे मोजायला पन्नास-साठ वर्षं थांबावं लागेल.